२०२४ सरताना: वर्षभर ऐकलेले इंडी अल्बम

टेकडीवरची | २९ डिसेंबर २०२४, रात्री ९:४०

आज वर्षातला शेवटचा रविवार. इंडी म्हणजे मोठ्या कंपन्यांबाहेरचं, स्वतंत्र संगीत. जानेवारीत मी एक नेम धरला होता. दर रविवारी रात्री जेवणं उरकली की एक अल्बम लावायचा आणि पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत मध्ये न उठता ऐकायचा. मोबाइल आतल्या खोलीत. एकही गाणं पुढे ढकलायचं नाही, आवडलं नाही तरी संपेपर्यंत बसायचं. लग्नं, गणपती आणि एकदा आलेला ताप यात सात-आठ रविवार चुकले, बाकी सगळे पाळले.

याला निमित्त झाला बाबांचा जुना अ‍ॅम्प्लिफायर. आमची सोसायटी पुनर्विकासाला जाणार म्हणून माळा रिकामा करायला घेतला, तेव्हा तो चादरीत गुंडाळलेला सापडला. तपकीर गल्लीतल्या एका काकांकडे नेला. त्यांनी झाकण काढून आत फुंकर मारली, फुगलेले दोन कपॅसिटर बोटाने दाखवले आणि म्हणाले, "बाकी सगळं धडधाकट आहे, टाकू नका हो." दोन दिवसांत चालू करून दिला. आवाजाचं बटण फिरवताना थोडी खरखर येते, ती मात्र गेली नाही. आता ती खरखर ऐकली की माझा रविवार सुरू होतो.

धागा काढण्याचं कारण सांगते. सवाई गंधर्व महोत्सवाला आपण बसतो तेव्हा "आलापी राहू द्या, तेवढं द्रुत गा" असं कुणी म्हणत नाही. विलंबितात तासभर मुरल्यानंतर द्रुत येतं, म्हणून ते अंगावर येतं. चांगल्या अल्बमचंही तसंच आहे, हे मला या वर्षी कळलं. सातवं गाणं सातवं का आहे, ते आधीची सहा ऐकल्याशिवाय समजत नाही. मी आधी वर्षानुवर्षं सुटी गाणी ऐकली आणि त्यातली निम्मी विसरले. या वर्षीचे अल्बम मात्र कुठे बसून ऐकले, त्यासकट आठवतात.

सगळ्यात आधी एड्रिअन लेन्करचा 'ब्राइट फ्युचर'. बिग थीफ या बँडची ही गायिका. २२ मार्चला आला. जंगलातल्या एका स्टुडिओत चार-पाच जणांनी मिळून टेपवर रेकॉर्ड केलेला. पहिलंच गाणं 'रिअल हाऊस'. ताल नाही, पियानोचे तुटक स्वर आणि लहानपणीच्या आठवणी. घरचा कुत्रा गेला तेव्हा आईला पहिल्यांदा रडताना पाहिलं, असं त्यात येतं. मी ऐकत होते मार्चच्या शेवटच्या रविवारी. घरभर खोकी. आई जमिनीवर बसून पितळी भांडी वेगळी करत होती आणि त्यांवर कोरलेली नावं मोठ्याने वाचत होती: हे मुंजीतलं, हे बारशाचं, हे नाशिकच्या आत्यांकडचं. गाणं सुरू झाल्यावर थोड्या वेळाने तिचं वाचणं थांबलं. आईला इंग्रजी गाण्यांतलं काही कळत नाही, कधी लक्षही देत नाही. हातात एक तांब्या धरून ती म्हणाली, "ही रडतेय का गं?" मी म्हटलं, नाही, गातेय. "मग आवाज असा का?" मला उत्तर देता आलं नाही. आम्ही दोघी अल्बम संपेपर्यंत तशाच बसलो. भांडी दुसऱ्या दिवशी भरली.

मग 'नाइट रेन', अरूज आफताबचा, ३१ मेचा. हे 'रेन' राज्य या अर्थाचं आहे, पावसाचं नाही, पण मी तो जूनमध्ये खिडकीबाहेर पाऊस असतानाच ऐकला आणि दोन्ही अर्थ लागू पडले. लाहोरात वाढलेली, अमेरिकेत बर्कली संगीत महाविद्यालयात शिकलेली, न्यूयॉर्कला राहणारी गायिका. २०२१ च्या 'व्हल्चर प्रिन्स'मध्ये भावाच्या जाण्याचं दुःख होतं. इथे रात्र आहे, पण तिच्यात मोकळी हवा आहे. 'रात की रानी' ऐकताना रातराणीचा वास खरोखर आला, असं मी शपथेवर सांगेन.

'ना गुल' या गाण्याचे शब्द आहेत माह लका बाई चंदाचे. मी नाव पहिल्यांदाच ऐकलं, म्हणून शोधलं. ही कवयित्री १७६८ साली जन्मली ती औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात! पुढे हैदराबादला निजामाच्या दरबारी मानाचं स्थान मिळवलं. उर्दूत ज्या बायकांचा स्वतःचा दिवाण (काव्यसंग्रह) संग्रहित झाला, त्यांतल्या अगदी पहिल्या काहींतली ती. आपल्या मातीत जन्मलेल्या बाईचे शब्द अडीचशे वर्षांनी ब्रुकलिनहून फिरून माझ्या घरात आले. त्या रात्री तो अल्बम मी लागोपाठ दोनदा लावला. वर्षभरात असं फक्त याच अल्बमच्या बाबतीत घडलं.

दिल्लीच्या पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी या बँडचा 'बेटा' ९ ऑगस्टला आला. सूर्यकांत साहनीचा आवाज जुन्या हॉटेलातल्या गायकासारखा, सूट घालून उभा राहिलेला. मागे कधी वॉल्ट्झ, कधी डिस्को, मध्येच लग्नाच्या बँडसारखी पितळी वाद्यं. २०१९ चा त्यांचा 'बिस्मिल्लाह' जास्त एकसंध होता, हे मान्य. पण 'पीपल नेव्हर चेंज' सुरू झालं की मी उभी राहते, याला इलाज नाही.

आणि सिंडी लीचा 'डायमंड ज्युबिली'. कॅनडाचा पॅट्रिक फ्लेगेल 'सिंडी ली' या नावाने गातो. ३२ गाणी, दोन तास. मार्चच्या अखेरीस आला तेव्हा कुठल्याच स्ट्रीमिंगवर नव्हता. यूट्यूबवर सलग एकच फाइल, नाहीतर जिओसिटीज या जुन्या संकेतस्थळाच्या धर्तीच्या साध्या पानावरून उतरवून घ्यायचा आणि जमतील तसे पैसे पाठवायचे. मी जुलैअखेर, तो भयंकर पाऊस झाला त्या आठवड्यात ऐकायला घेतला. तासाभरानंतर वीज गेली. अंधारात बसले. वीस मिनिटांनी वीज आली तेव्हा जिथे थांबला होता तिथूनच लावला, आणि तो अंधारही अल्बमचाच भाग होता असं वाटलं. बाबा सांगायचे की रात्री ट्रान्झिस्टरवर सिलोन लावलं की गाणं जवळ यायचं, लांब जायचं, परत यायचं. या अल्बमचा आवाज तसाच आहे.

बाकी पटापट: जेसिका प्रॅटचा 'हिअर इन द पिच' फक्त २७ मिनिटांचा आणि एकही क्षण फुकट नाही. वॉक्साहॅचीचा 'टायगर्स ब्लड' घर आवरताना पुन्हा पुन्हा लावला. फाँटेन्स डी.सी.चा 'रोमान्स' सगळ्यांना आवडला, मला बाहेरच ठेवून गेला. शहरझादचा 'कस्र' ऐकला नसेल तर ऐका, अरूजनेच निर्मिती केली आहे. पाचच गाणी आहेत.

१५ तारखेला झाकीरभाई गेले. त्या रविवारी मी नवीन काही लावलं नाही. फेब्रुवारीत एकाच रात्री तीन ग्रॅमी घेताना त्यांना पाहिलं होतं, ते हेच वर्ष, हे अजून पटत नाही.

तुमचे अल्बम सांगा. नुसती यादी नको, कुठे आणि कसा ऐकलात तेही लिहा.

---

बेसवाला | २९ डिसेंबर, रात्री १०:२५

मस्त धागा. मी पुण्यातल्या एका छोट्या बँडमध्ये बेस वाजवतो, त्यामुळे माझं उत्तर जरा वेगळ्या अंगाने.

माझ्यासाठी या वर्षाचा अल्बम म्हणजे शेलॅक या बँडचा 'टू ऑल ट्रेन्स'. त्यांचा गायक-गिटारवादक आणि नावाजलेला रेकॉर्डिंग इंजिनिअर स्टीव्ह अल्बिनी ७ मेला गेला, वय ६१. अल्बम ठरल्याप्रमाणे १७ मेला आला. जेमतेम अर्ध्या तासाचा. दहा दिवसांपूर्वी गेलेला माणूस कानात इतका जिवंत, चिडलेला, ताजा. मी तो हेडफोनवर ऐकूच शकलो नाही. आमच्या प्रॅक्टिसच्या खोलीत मोठ्या स्पीकरवर लावला, ड्रमर आणि मी दोघंच. ड्रमचा आवाज ऐकून तो म्हणाला, "खोली ऐकू येतेय." हेच त्याचं मोठेपण. तो वाद्य रेकॉर्ड करायचा तेव्हा वाद्याभोवतीची हवाही पकडायचा.

पण मला त्याच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर वेगळ्या गोष्टीसाठी आहे. निर्वाणा या बँडचा 'इन युटेरो' त्याने रेकॉर्ड केला तेव्हा रॉयल्टी घ्यायला नकार दिला. मला प्लंबरसारखे कामाचे पैसे द्या, काम मी करतो, गाणी तुमची आहेत, अशी त्याची भूमिका होती. लाखो प्रती खपणार हे दिसत असताना हे म्हणायला छाती लागते.

पैशांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. स्पॉटिफायवर नियम झालाय की बारा महिन्यांत हजार वेळा वाजलं नाही तर त्या गाण्याचा एक पैसाही मिळणार नाही. आमच्या सहापैकी चार गाण्यांचं तेच झालं. रक्कम तशीही किरकोळ होती, पण मिळकत शून्य दिसते तेव्हा वाईट वाटतं. बँडकॅम्प या गाणी विकणाऱ्या संकेतस्थळावर डिजिटल विक्रीतले १५ टक्के ते ठेवतात, उरलेले बहुतांश कलाकाराकडे जातात, आणि ठरावीक शुक्रवारी स्वतःचा हिस्साही सोडतात. ज्यांना एखादा अल्बम मनापासून आवडला त्यांनी वर्षात दोन-तीन तरी विकत घ्या. एवढ्याने आमच्यासारख्यांचं एका दिवसाचं स्टुडिओ भाडं निघतं.

---

तंबोरा | ३० डिसेंबर, सकाळी ७:१०

टेकडीवरची, लेख वाचून सकाळीच लिहायला बसलो. मी शास्त्रीय संगीताचा श्रोता, वय ७६. तुम्ही लिहिलेली नावं मला एकही ठाऊक नाहीत. पण दर आठवड्याला एक, आणि सगळं सोडून ऐकायचं, हे मला चांगलं ठाऊक आहे.

१ एप्रिल १९५५, रामनवमी. पुणे आकाशवाणीवर गीतरामायणाचं पहिलं गाणं लागलं तेव्हा मी सात वर्षांचा. शुक्रवारी सकाळी नवं गाणं लागायचं. सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात रेडिओ एकच, पुढच्या खोलीत. बिऱ्हाडं अकरा. गाणं लागायच्या आधी आई रेडिओला हार घालायची आणि आम्हां मुलांना हातपाय धुऊन बसवायची. माडगूळकरांचे शब्द, बाबूजींची चाल. वर्षाची ५२ व्हायची, त्या वर्षी अधिक महिना आल्यामुळे ५६ झाली. आठवड्यात एकच गाणं, त्यामुळे पुढच्या शुक्रवारपर्यंत तेच मनात घोळायचं. रेडिओवर लागून गेल्यावर परत ऐकायचं तर कुणाला तरी पाठ असायला हवं. आमच्या वाड्यातल्या एका काकूंना दोनदा ऐकून पाठ व्हायचं. संध्याकाळी नळावर त्या म्हणून दाखवायच्या.

तुम्ही सवाईचं उदाहरण दिलंत ते अगदी योग्य. मला एक सांगा, माझ्यासारख्याने यातला कुठला आधी ऐकावा? इंग्रजी गाण्यातले उच्चार कळत नाहीत, त्यामुळे उर्दू असेल तर बरं.

---

टेकडीवरची | ३० डिसेंबर, सकाळी ८:०२

तंबोराकाका, 'रेडिओला हार' वाचून अंगावर काटा आला. तुम्ही 'नाइट रेन' ऐका. पहिल्याच गाण्यावर मत बनवू नका, चौथ्या-पाचव्यापर्यंत बसा. अरूजच्या गाण्यात तान नाही, फिरत नाही, त्यामुळे सुरुवातीला रिकामं वाटेल. ऐकल्यावर कसं वाटलं ते नक्की लिहा, आवडलं नाही तरीही.

बेसवाला, शेलॅक माझा राहून गेला. येत्या रविवारी. बँडकॅम्पवर 'नाइट पॅलेस' विकत घेतलाय, माउंट ईरीचा, २६ गाण्यांचा. अजून पचलेला नाही म्हणून वर लिहिला नाही.

---

शफल | ३० डिसेंबर, दुपारी १:१५

माझं मत वेगळं आहे, राग नसावा.

मी रोज कात्रजहून हिंजवडीला जातो. एका बाजूला दीड तास, कधी दोन. मला एक सलग निवांत तास मिळतच नाही. गाणी बसमध्येच ऐकतो, कंडक्टर आला की थांबवतो, फोन आला की थांबवतो. माझ्यासारख्यांनी ऐकलं ते खरं ऐकणं नाही, असा सूर तुमच्या लेखात मला जाणवला. एखादं गाणं सुटं ऐकूनही माणसाला धरून ठेवतं. मला या वर्षी एम.जे. लेंडरमनच्या 'मॅनिंग फायरवर्क्स'मधलं शेवटचं लांबलचक गाणं वाकडच्या पुलाखाली, पूर्ण ठप्प ट्रॅफिकमध्ये मिळालं. गिटारचा तो शेवटचा घोंघावणारा आवाज संपेपर्यंत गाडी इंचभर हलली नाही, आणि मला ती हलायला नकोच होती. आधीची आठ गाणी मी त्यानंतर ऐकली. काही बिघडलं नाही.

आणि 'बेटा'बद्दल: मला तो लांबला असं वाटतं. तीन गाणी कमी असती तर मीही उभा राहिलो असतो.

---

टेकडीवरची | ३० डिसेंबर, दुपारी २:५०

शफल, राग कसला. तसा सूर लागला असेल तर ती माझ्या लिहिण्यातली चूक. वाकडच्या पुलाखालचं वाचून मला हेवा वाटला, ते ऐकणं शंभर टक्के खरं आहे.

एवढंच म्हणेन की तुम्ही ते गाणं मिळाल्यावर मागे जाऊन आधीची आठ ऐकलीत. म्हणजे त्या गाण्याला घर आहे, हे तुम्हालाही जाणवलं. उलट्या दाराने गेलात, पण घरात गेलात.

'बेटा' लांबलाय का? उत्तरार्धात दोन गाणी सैल आहेत, हे कबूल. पण मी ती काढणार नाही.

एक सुचवते: सुट्टीच्या दिवशी जेसिका प्रॅट घेऊन मेट्रोत बसा. वनाजला चढताना लावलात तर रामवाडी यायच्या आत संपतो. मी डिसेंबरात मुद्दाम केलं. नदी ओलांडताना खाली पाणी आणि कानात तो साठ वर्षं जुना वाटणारा आवाज, फार सुंदर जमतं.

---

मुठाकाठ | ३० डिसेंबर, रात्री ९:३०

लिहू की नको असं चाललं होतं.

मी सिंहगड रोडला, एकता नगरीत राहतो. तळमजला. २५ जुलैला पहाटे खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि आमच्या घरात कमरेपर्यंत आलं. माणसं सुखरूप, त्यामुळे तक्रार नाही. पण खालच्या दोन कप्प्यांत माझ्या सीडी होत्या. १९९६ पासून जमवलेल्या. नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून घेतलेल्या, कुणी परदेशातून आणून दिलेल्या.

पाणी उतरल्यावर सगळ्यांवर चिखलाचा बोटभर थर. बायकोने टबमध्ये साबणाचं पाणी केलं आणि आम्ही दोघं एकेक चकती धुवायला बसलो. तेव्हा समजलं की सीडीचं काही होत नाही. धुतली, मऊ कापडाने आतून बाहेर पुसली की वाजते. जाते ती पुस्तिका. पानं एकमेकांना चिकटून त्यांची वीट होते. शब्द, फोटो, कुणी काय वाजवलं ते, सगळं गेलं. आता माझ्याकडे दीडशेच्या वर चकत्या आहेत, पांढऱ्या कागदी पाकिटांत, वर पेनने नावं.

त्यात पोर्टिसहेड या बँडचा १९९४ चा 'डमी' होता. तो धुऊन पहिल्यांदा लावला तेव्हा दोघंही काही बोललो नाही. मग त्याच बँडच्या गायिकेचा, बेथ गिबन्सचा, या मे महिन्यात आलेला 'लाइव्ह्ज आउटग्रोन' ऐकला. तिचा एकटीच्या नावावरचा पहिला स्टुडिओ अल्बम, दहा वर्षं लागली करायला. वय वाढणं, आईपणातली काळजी, जवळची माणसं एकेक करून जाणं, हे विषय. तालाची बाजू टॉक टॉक या बँडच्या ली हॅरिसने सांभाळली आहे, आणि त्याने नेहमीचे ड्रम सोडून डबे, खोकी, स्वयंपाकघरातल्या वस्तू वाजवल्यात. हे मला आधी माहीत नव्हतं. पण ऐकताना बायको म्हणाली, "आपल्याकडे त्या दिवशी डबे तरंगत एकमेकांवर आपटत होते, तसं वाटतंय." नंतर मी वाचलं तर खरंच डबे!

तिला तो अल्बम परत लावायचा नाही. मला लावल्याशिवाय राहवत नाही. मी तो ती बाहेर गेली की ऐकतो.

---

बेसवाला | ३० डिसेंबर, रात्री १०:०५

मुठाकाठ, काय लिहिलंत. पुस्तिकांचं काही करता येईल. माझ्याकडे त्या काळातल्या तीसेक सीडी आहेत, 'डमी' पण आहे. पानांचे फोटो काढून पाठवतो. यादी टाका, इथल्या बाकीच्यांकडेही असतील.

---

कीर्तनरंग | ३१ डिसेंबर, सकाळी १०:४०

मुठाकाठ, माझ्याकडे जुन्या परदेशी सीडी आहेत थोड्या, यादी टाकाच.

माझी भर: गणव्याचा 'डॉटर ऑफ अ टेंपल', नोव्हेंबरात आला. न्यूयॉर्कमध्ये जन्मून तामिळनाडूत वाढलेली ही गायिका लहानपणी हरिकथा शिकली. अ‍ॅलिस कोल्ट्रेन या अमेरिकन जॅझ वादिकेची भजनं, तमिळ, जॅझ असं सगळं तीसच्या वर कलाकारांनी एकत्र बसून केलंय. टाळ्या, श्वास, मागे कुणीतरी हळूच गुणगुणणं, सगळं ठेवलंय. मला पहिल्या दहा मिनिटांत आमच्या नारायण पेठेतल्या मंदिरातलं कीर्तन आठवलं, जिथे बुवांच्या मागे बसलेल्या आज्जीबाई अर्धा सूर खाली का होईना, पण मनापासून गातात.

यात थोडं आपलंही आहे. तंजावरला मराठ्यांचं राज्य होतं. आपल्याकडचे कीर्तनकार तिकडे जात, आणि एकोणिसाव्या शतकात तंजावर कृष्ण भागवतरांनी त्या मराठी कीर्तनाची मांडणी घेऊन तमिळ हरिकथेला नवं रूप दिलं. आजही हरिकथेत साकी, दिंडी, ओवी ही आपली वृत्तं सापडतात. म्हणून हा अल्बम परका वाटत नाही.

---

इयत्ता_नववी_ब | ३१ डिसेंबर, दुपारी ४:२०

वाचून छान वाटलं, पण एक खंत. एवढ्या मोठ्या धाग्यात मराठी अल्बम एकही नाही.

मराठीत स्वतंत्र संगीत होत नाही असं नाही. याच वर्षी क्रेटेक्स आणि श्रेयसचं 'तांबडी चामडी' आलं, नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सवर, आणि गणपतीत आमच्या गल्लीत चार मंडळांनी वाजवलं. अभंग रिपोस्ट वारकरी अभंगांना बेस-ड्रम लावून गातात आणि तरुण पोरं मांडी घालून ऐकतात. पुण्याचंच बघायचं तर ताडीवाला रोडवरच्या एमसी स्टॅनने २०२० ला 'तडीपार' काढला. भाषा हिंदी, पण ती आपल्या वस्तीतली हिंदी, मराठीने भरलेली. आणि तो पूर्ण अल्बम होता! त्याची गाणी त्याच क्रमाने ऐकली तर एका पोराची गोष्ट कळते. ईझी वाँडरलिंग्जचा २०१७ चा 'अ‍ॅज रिटन इन द स्टार्स'ही इथलाच, इंग्रजीत.

मग मराठीत दहा गाण्यांचा, एका सुरात विणलेला, आजच्या पुण्यातल्या पोरापोरींबद्दलचा अल्बम का नाही? गाणी सुटी येतात, व्हिडिओसकट, आणि महिन्यात विरतात. मी स्वतः लिहितो, तीन गाणी तयार आहेत. सगळे सांगतात एकेक सोड. मला दहा झाल्यावरच सोडायची आहेत.

---

बेसवाला | ३१ डिसेंबर, संध्याकाळी ६:००

दहा झाल्यावरच सोड. कुणाचं ऐकू नकोस. बेस लागला तर सांग, पैसे नकोत.

---

शफल | १ जानेवारी २०२५, सकाळी ११:३०

सुट्टी होती. वनाजला गेलो, जेसिका प्रॅट लावली. येरवडा स्टेशन गेल्यावर थोड्या वेळाने संपला. रामवाडीला उतरलोच नाही, म्हणजे उतरून पलीकडून परतीच्या गाडीत बसलो आणि पुन्हा पहिल्यापासून लावला. शेवटून दुसरं जे नुसत्या वाद्यांचं आहे, ते यादीत दिसलं असतं तर मी कधीच वाजवलं नसतं. शेवटच्या गाण्याआधी ते हवंच आहे.

---

तंबोरा | २ जानेवारी, सकाळी ६:५५

नातवाने स्पीकरवर लावून दिला. सांगितल्याप्रमाणे शेवटपर्यंत बसलो.

पहिली दोन गाणी माझं मन लागलं नाही. सारखं वाटत होतं की आता ही सुर वाढवेल, आता वर जाईल. ती जातच नाही. मग जाणवलं की ही बाई जिथे पोचायचं तिथे आधीच पोचलेली आहे, तिथूनच गाते आहे. आमच्या वेळी काही गायक मंद्रात षड्जावर असे थांबायचे की श्रोत्यांची चुळबुळ आपोआप थांबायची. ही तशी थांबते. साथीला तबला नाही याची सवय व्हायला वेळ लागला. बासरीसारखं काहीतरी मध्येच येऊन जातं, ते फार आवडलं. 'ऑटम लीव्ह्ज' काही कळलं नाही, पण त्यातला ठेका मांडीवर धरता आला.

'ना गुल' तीनदा ऐकलं. औरंगाबादेत माझी सख्खी मावशी होती, लहानपणी दोन उन्हाळे तिच्याकडे काढलेत. त्या गावच्या बाईचे शब्द म्हणून जास्तच जवळचं वाटलं असेल, पण तेवढंच नाही. शब्द अर्धेच कळले. ते कुठे मिळतील का? मोबाइलवर नातवाने दाखवले ते उर्दू लिपीत किंवा इंग्रजी अक्षरांत. देवनागरीत असतील तर बरं, नाहीतर पाठ कसं करणार?

---

टेकडीवरची | २ जानेवारी, सकाळी ७:२०

काका, मी मोठ्या अक्षरात हाताने लिहून देते. अवघड शब्दांचे अर्थ बाजूला लिहिते, माझ्या ऑफिसात एक जण उर्दू नीट जाणणारा आहे, त्याच्याकडून तपासून घेते. शनिवारपर्यंत होईल. सदाशिव पेठ मला वाटेवरच आहे, आणून देईन. व्यक्तिगत निरोप (व्यनि) करते.